मुलांना आधीच माहीत असतं

जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर येणारी एक बातमी तिच्या साच्यावरूनच ओळखू येते. गाव, तालुका, वय, डोक्यावरचं कर्ज, पोलिस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद आणि मग शेवटचं वाक्य : त्याच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी असा परिवार आहे. बातमी तिथे संपते. तो मुलगा कितवीत आहे, त्या दिवशी त्याला वर्गातून उठवून घरी कोणी नेलं, वाटेत काय सांगितलं, अंगणात जमलेल्या गर्दीतून तो कसा आत गेला, हे कुणी लिहीत नाही. मला त्या शेवटच्या वाक्यातल्या मुलांविषयी लिहायचं आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यांतल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. नाशिक विभागातल्या शेतकरी आत्महत्यांच्या यादीत जळगाव जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं वरच्या बाजूला असतं. मागे राहिलेल्या मुलांचा रकाना मात्र या तक्त्यांत नाही. ज्युली सेरेल या अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये असा अंदाज मांडला, की अशा एका मृत्यूची झळ या ना त्या प्रकारे सुमारे 135 माणसांपर्यंत पोहोचते. खान्देशातल्या गावाला हा आकडा मोठा वाटणार नाही. भाऊबंद, सोयरे, शेताचे शेजारी, मुलांचे वर्गमित्र एवढ्यांतच तो भरतो. त्या 135 जणांत सगळ्यांत लहान जे असतात, त्यांच्याशी सगळ्यांत कमी बोललं जातं.

मयताच्या घरी मोठी माणसं एकमेकांशी दबक्या आवाजात बोलतात आणि मूल जवळ आलं की गप्प होतात. ‘पोरेसले काय समजस!’ असं कुणीतरी म्हणतं. मग ठरतं : बाबा देवाघरी गेले. छातीत कळ आली. पाय घसरला. बाहेरगावी गेलेत, येतील. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण जो विहिरीकडे धावलेल्या लोकांच्या मागे धावला, ज्याने पोलिसांची गाडी दारात उभी पाहिली, पंचनाम्याचे शब्द ऐकले, त्याला छातीतली कळ सांगून काय होतं?

याचा शोध घेणारं एक जुनं काम आहे. अल्बर्ट केन आणि आयरीन फास्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये, आई किंवा वडील आत्महत्येने गमावलेल्या आणि उपचारासाठी आणलेल्या 45 मुलांचा अभ्यास मांडला. मुलं 4 ते 14 वर्षांची होती. जवळपास एक चतुर्थांश मुलांनी त्या मृत्यूतलं काही ना काही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि नंतर घरच्यांनी त्यांना वेगळंच सांगितलं होतं. एका मुलाने वडिलांचा मृत्यू पाहिला, त्याला सांगण्यात आलं की ते हृदयविकाराने गेले. मुलं हट्टाने खरं बोलू लागली तर ‘तुला स्वप्न पडलं असेल’, ‘टीव्हीवर पाहिलं असशील’ असं म्हणून त्यांना परतवलं गेलं. पुढे जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने याच मुलांचा दाखला देऊन सांगितलं, की जे पाहिलं ते पाहिलं नाही, जे वाटतं ते वाटून घ्यायचं नाही, असं सतत बिंबवलं तर मूल आपल्या डोळ्यांवर आणि कानांवर अविश्वास दाखवू लागतं. मग माणसांवरचा विश्वास जातो, काही विचारावंसं वाटणंही थांबतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : मुलाला बहुतेक वेळा आधीच माहीत असतं. आपण लपवतो तेव्हा बातमी त्याच्यापासून दूर जात नाही, आपण जातो. जे त्याला ठाऊक आहे ते घेऊन ते एकटं राहतं. शाळेच्या मधल्या सुट्टीत दुसरा एखादा मुलगा भांडणात तोंडावर फेकतो, ‘तुझ्या बापाने तर…’, आणि खरी गोष्ट पहिल्यांदा शिवीच्या रूपात कानावर येते.

खान्देशाला हा प्रश्न परका नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. आईच्या मरणावर रडायला महाराष्ट्रातल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना त्यांच्या ‘श्यामची आई’ने शिकवलं. पुतणी सुधाला त्यांनी लिहिलेली पत्रं ‘सुंदर पत्रे’ म्हणून घरोघर वाचली गेली. आणि 11 जून 1950 रोजी त्यांनी आत्महत्या केली.

दर वर्षी शाळाशाळांत जयंती होते, भाषणं होतात. एखादा पाचवीतला मुलगा विचारतो, ‘गुरुजी कशाने गेले?’ आणि बाई विषय बदलतात. बाईंना वाटतं, लहान मुलांपुढे कशाला? पण त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर एक मूल बसलेलं असू शकतं, ज्याचे वडील मागच्या कापसाच्या हंगामात तसेच गेले. बाई काय उत्तर देतात याकडे त्याचे कान लागलेले असतात. विषय बदलला की त्याला कळतं, हे बोलायचं नसतं. बाईंनी सरळ सांगितलं असतं, ‘त्यांच्या मनाचं दुःख फार वाढलं होतं, त्या वेळी त्यांना मदत मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, त्यांचं काम मोठं होतं आणि त्यांचं तसं जाणं कुणी गिरवावं असं नव्हतं,’ तर त्या मुलाला बापाविषयी विचारायला एक दार उघडं झालं असतं. गुरुजींच्या मृत्यूला उदात्त रंग देणं जितकं चूक, तितकंच तो झाकणंही.

शेतकऱ्याच्या घरात यात आणखी एक गुंता आहे. 2006 पासून राज्य सरकार आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देतं. त्यातले 30 हजार लगेच आणि 70 हजार ठेवीच्या रूपात. मदत मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. जमीन नावावर असावी, कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं, नापिकी आणि वसुलीचा तगादा दाखवता यावा. तलाठी, तहसील आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे कागद फिरतात. म्हणजे एकाच घराला दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. तहसील कचेरीत सिद्ध करायचं, की त्याने आत्महत्याच केली आणि ती कर्जापायीच केली. दारावर बसायला आलेल्या सोयऱ्यांपुढे, विशेषतः मुलगी लग्नाची असेल तर, तेच झाकायचं. आईबरोबर कागदांची पिशवी घेऊन दोन्हीकडे फिरणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा या दोन गोष्टींच्या मध्ये उभा असतो. शेवटी त्याला सांगितलं जातं, ‘प्रकरण अपात्र झालं.’ वडिलांच्या मरणाचं काय अपात्र झालं, हे त्याला कोण समजावणार? मजुराच्या, रिक्षाचालकाच्या, परीक्षेला घाबरलेल्या मुलाच्या घरी तर हा कागदही येत नाही.

आणि ‘कर्जापायी गेले’ हे एवढंच उत्तर मुलाला देऊन थांबलो तर काय होतं? मुलं हिशेब करतात. कपाशीला दर मृगाला पैसा लागतोच. पुढच्या वर्षी आई सोसायटीचं कर्ज काढते, तेव्हा तो रात्री उठून आई आपल्या जागेवर आहे ना, ते पाहतो. कर्ज म्हणजे मरण, असं समीकरण त्याच्या मनात पक्कं झालेलं असतं. कर्ज खरं होतं, भाव पडला हे खरं होतं, विमा वेळेवर आला नाही हेही खरं असेल, आणि त्याचा जाब सरकारला, बाजाराला विचारायलाच हवा. पण मुलाला हेही कळायला हवं, की तेवढंच कर्ज असलेले शेजारचे काका आज शेतात आहेत. वडिलांच्या मनावर एक दुखणं चढत गेलं होतं, झोप उडाली होती, बोलणं तुटलं होतं, आणि त्या दुखण्यावर इलाज असतो. ही दुसरी बाजू सांगितल्याने सरकारची जबाबदारी एका पैशानेही कमी होत नाही.

दुखण्याकडे पाहणारी व्यवस्था या भागात तोकडी आहे. 2015 मध्ये राज्याने ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करायची आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे पाठवायचं, अशी त्यात रचना होती. मराठवाड्याचे आठ आणि पश्चिम विदर्भ-वर्ध्याचे सहा, असे चौदा जिल्हे त्यात घेतले. जळगाव आणि धुळे त्यांत नव्हते. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मनोविकारतज्ज्ञ भेटतात. पण रावेरच्या किंवा शिरपूरच्या टोकावरच्या गावातून एका नववीतल्या मुलीला घेऊन तिथवर जायचं तर आईची दिवसाची मजुरी बुडते आणि गावात ‘पोरीला वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं’ अशी कुजबूज होते. म्हणून पहिली मदत घरातून आणि शाळेतूनच यावी लागते, आणि ती येऊ शकते.

सांगायचं कसं? ज्याच्यावर मुलाचा जीव आहे त्याने, शक्य तितक्या लवकर, जवळ घेऊन, थोडक्या शब्दांत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं : ‘बाबांच्या मनाला मोठं दुखणं झालं होतं. त्या दुखण्यात माणसाला नीट सुचत नाही. त्यांनी स्वतःचा जीव घेतला. ते मेले, आता ते परत येणार नाहीत. आपण त्यांना बरं करू शकलो असतो तर केलं असतं. तुझ्यामुळे काही झालं नाही.’ कसं, कशाने, याचा तपशील लहान मुलाला देण्याची गरज नाही. त्याने विचारलं तर एका वाक्यात खरं सांगावं, रंगवू नये. ‘देवाघरी गेले’ एवढंच सांगितलं तर सहा वर्षांचं मूल विचारतं, मग मीपण जाऊ का? त्या वयाला मरण म्हणजे परत न येणं, हे पूर्ण उमगलेलं नसतं. ते दोन दिवस रडतं, तिसऱ्या दिवशी अंगणात गोट्या खेळतं, आणि आजी म्हणते, याला काहीच वाटत नाही. त्याला वाटत असतं. मुलांचं दुःख हप्त्याहप्त्याने येतं.

‘तुझ्यामुळे नाही’ हे वाक्य एकदा सांगून भागत नाही. आदल्या दिवशी त्याने सायकलसाठी हट्ट केलेला असतो. तिने क्लासची फी मागितलेली असते. मोठा मुलगा बापाशी मोबाईलवरून भांडलेला असतो आणि मनात म्हणालेला असतो, हा घरात नसता तर बरं. मुलाच्या मनात हे आणि तो मृत्यू यांची सांगड लगेच बसते, आणि ती बोलून दाखवायची हिंमत त्याला नसते. म्हणून त्याने न विचारताही सांगायचं, महिन्याने पुन्हा सांगायचं, परीक्षेच्या वेळी पुन्हा.

आई गेलेली असते, तेव्हा आणखी अवघड होतं. माहेरकडून सासरच्यांवर गुन्हा दाखल होतो, आणि तीन वर्षांचं, पाच वर्षांचं लेकरू दोन घरांच्या रागाच्या मध्ये सापडतं. आजोळी त्याला सांगतात, तुझ्या बापाने मारलं. बापाच्या घरी सांगतात, तुझी आई डोक्याने अशीच होती. यातलं एकही वाक्य मुलाच्या कामाचं नाही. न्यायालयाचं न्यायालयात ठरेल. मुलाला आईचा फोटो हवा असतो, आणि ती आपल्यावर माया करायची हे कुणाच्यातरी तोंडून ऐकायला हवं असतं. मुलाला साक्षीसाठी विचारायची वेळ आलीच तर घरच्यांना हे माहीत असावं, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 नुसार पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा कोणत्याही वयाच्या मुलीला चौकशीसाठी पोलिस ठाण्यात बोलावता येत नाही. विचारपूस ते मूल राहतं तिथेच करावी लागते.

दहाव्याला पागोटं बांधलं जातं, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला चारजण सांगतात, ‘आता तूच घरातला कर्ता. रडायचं नाही.’ हे ऐकून कित्येक मुलं खरंच रडायची थांबतात. शाळा सुटते, कुणी केळीच्या गाडीवर जातं, कुणी जिनिंगमध्ये. राग मात्र आत साठत राहतो. बापाविषयीचा राग, की आम्हाला टाकून गेलास. असा राग येणं म्हणजे पाप, असं त्याला वाटतं. कुणीतरी मोठ्या माणसाने, मामाने किंवा सरांनी, त्याला सांगायला हवं की वडिलांचा राग येतो आणि त्यांची आठवणही येते, दोन्ही एकदम होतं. मुलींच्या बाबतीत दुसरंच घडतं. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा संकेत आहे. बाप गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचं दुःख अजून ओलं असताना तिचं स्थळ बघायला सुरुवात होते. तो बालविवाह असतो, गुन्हा असतो, आणि तो थांबवण्यासाठी 1098 या बालमदत क्रमांकावर शेजाऱ्यानेही फोन केला तर चालतो.

आई-वडिलांपैकी एक गेलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो आणि निर्णय बालकल्याण समिती देते. मृत्यू कशाने झाला, प्रकरण पात्र की अपात्र, याच्याशी या योजनेचा संबंध नाही. एखाद्या शिक्षकाने हा अर्ज भरायला मदत केली, तर मूल शाळेत टिकायला शंभर धीराच्या शब्दांइतकं बळ मिळतं.

शाळेविषयी मला आग्रहाने सांगायचं आहे. मूल परत वर्गात येतं तो दिवस तेराव्यानंतरचा असतो, आणि त्या दिवशी त्याच्याशी कसं वागायचं हे आपण शिक्षकांना कधी शिकवलंच नाही. वर्गशिक्षकाने आदल्या दिवशी घरी जावं, मुलाला विचारावं, ‘वर्गाला काय सांगू? तुला काय सांगितलेलं चालेल?’ ते सांगेल तेवढंच वर्गाला सांगावं आणि चिडवणं खपवून घेतलं जाणार नाही, हेही सांगावं. कुणाशेजारी बसायचंय ते त्याला ठरवू द्यावं. तास चालू असताना अस्वस्थ वाटलं तर कुणाकडे जायचं, तो माणूस आधी दाखवून ठेवावा. गेलेला वर्गमित्रच असेल तेव्हा काळजी दुप्पट घ्यावी लागते. गावात भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात, मुलांच्या स्टेटसवर गाण्यासकट फोटो फिरतात, ‘मित्र अमर झाला’ असं लिहिलं जातं. किशोरवयात एका अशा मृत्यूमागे दुसरा घडण्याचा धोका खरा असतो, म्हणून शाळेने त्या मृत्यूचा गौरव होऊ देऊ नये. जवळचे मित्र, त्याच्याशी भांडलेला मुलगा आणि आधीपासून खचलेलं कुणी असेल तर त्यांना एकेकटं गाठून विचारावं. सुकदेव साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असायला हवा. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांत तो आहे, हे पालकसभेत विचारता येईल.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं मुलाला सरळ विचारायला मोठी माणसं घाबरतात. विचारल्याने ती कल्पना मनात येत नाही; उलट बोलायला वाट मिळते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, स्वतःला इजा करून घेतो, ‘बाबांकडे जायचंय’ असं पुन्हा पुन्हा म्हणतो, जे पाहिलं तेच डोळ्यांपुढे येत राहतं, अशा वेळी थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. ज्या आईला गावाबाहेर जाणं जमत नाही, तिने मुलाला जवळ बसवून तिथून सुरुवात करावी. तिलाही त्याच फोनची गरज असते, कारण मूल सावरतं ते आई सावरते त्या गतीने.

जपानमध्ये हे मौन मुलांनीच फोडलं. ‘आशिनागा’ ही पालक गमावलेल्या मुलांना शिक्षणासाठी मदत करणारी संस्था आहे. तिथल्या शिबिरांत आत्महत्येने पालक गेलेली मुलं पहिल्यांदा एकमेकांसमोर खरं बोलली. वर्षानुवर्षं ती अपघात, आजार असं सांगत आली होती. त्यांनी आपले अनुभव लिहून छापले, 2001 च्या अखेरीस पंतप्रधान कोइझुमी यांना भेटून त्यांच्यापुढे ते मांडले, आणि 2006 मध्ये तिथे आत्महत्या प्रतिबंधाचा मूलभूत कायदा झाला. मागे राहिलेल्या कुटुंबाला आधार देणं ही त्यात सरकारची जबाबदारी मानली आहे. या कहाणीतलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते शिबिर. आपल्यासारखं दुसरं कुणी आहे, हे त्या वयात डोळ्यांनी बघणं. चोपडा, पारोळा, साक्री, शिंदखेडा अशा एकेका तालुक्यात अशी दहा-पंधरा मुलं सुट्टीत दोन दिवस एकत्र आणणं हे एखाद्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेला आणि एका जाणत्या समुपदेशकाला झेपण्यासारखं काम आहे.

आणि घरात करण्यासारखं एक काम तर आपल्याकडे आधीपासून आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खान्देशात घरोघर घागर भरतात, पितरांची आठवण काढतात, नाव घेतात. असा मृत्यू झालेल्या घरात त्या दिवशी मुलाच्या हातून घागर भरवावी आणि वडिलांचं नाव त्यालाच घेऊ द्यावं. मग त्यांच्याविषयी बोलावं. पोळ्याला ते बैलांची शिंगं कशी रंगवायचे, कुठलं गाणं गुणगुणायचे, कशावर चिडायचे, कळण्याच्या भाकरीबरोबर त्यांना काय लागायचं. ज्या माणसाच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यातला शेवटचा एकच दिवस गावाच्या तोंडी राहिलाय, त्याचे बाकीचे दिवस मुलाला परत मिळायला हवेत.

पुढच्या आखाजीला मूल एक वर्षाने मोठं झालेलं असतं आणि प्रश्नही. सहा वर्षांच्याने विचारलेलं असतं, ते कधी येतील. अकरा वर्षांचा विचारतो, मना बाप कसा गया, खरं सांग. सोळा-सतराव्या वर्षी, आपल्याला रात्री झोप लागत नाही असं लक्षात आल्यावर, त्याच्या मनात येतं : माझंही तसंच होणार का? हे रक्तात असतं का? या प्रश्नालाही खरंच उत्तर द्यायचं. स्वीडनमधल्या मोठ्या नोंदींवरून 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की लहानपणी किंवा किशोरवयात असा पालक गमावलेल्यांत आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो. आणि तरीही त्यांतली बहुतांश मुलं मोठी होतात, संसार करतात, जगतात. तेव्हा त्या मुलाला सांगायचं : ‘तसं होणार असं काही ठरलेलं नाही. तुझ्या बाबांना दुखणं आहे हे आम्हाला ओळखता आलं नाही. तुझी झोप गेलीये हे तू मला सांगितलंस. सोमवारी ओपीडी असते, आपण दोघं जाऊ.’